चुन्याला मार्च कळत नाही

आमच्या गावचे गुंडाप्पा गवंडी भिंत चाटतात. अगदी शब्दशः. नवी इमारत दिसली की आप्पा आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतात. मग कुणी बघत नाही असं त्यांना वाटतं तो कोपरा गाठतात (सगळे बघत असतात), धोतराच्या सोग्यानं वीतभर जागा पुसतात आणि जीभ लावतात. आचाऱ्यानं आमटीचं मीठ बघावं तसे क्षणभर डोळे मिटतात. आणि थुंकतात.

ग्रामपंचायतीच्या नव्या कार्यालयाचं उद्घाटन होतं, त्या दिवशी पाहुणे पुढं भाषण करत होते आणि आप्पा मागं खांब चाटत होते. "ही वास्तू शंभर वर्षं उभी राहील," असं पाहुणे म्हणाले आणि नेमकं त्याच वेळी मागून "थू!" आलं. सरपंचांनी आप्पांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

"आप्पा, चार मान्सात हाव आपुन. काय हे?"

"चव बघितली."

"मग?"

"चवच न्हाय. ईस वर्सं काढील. लई झालं तर बावीस."

हे वेड नाही, शिक्षण आहे. आप्पांच्या वडिलांनी त्यांना चुना जिभेवरून शिकवला. जिभेला चावला तर कच्चा, गप बसला तर तयार. त्या जिभेनं आप्पांनी अर्धा जिल्हा चाखलेला आहे. भूमच्या बाजारात कुणाच्या तरी दुकानाची भिंत चाटताना त्यांना चोर समजून धरलं होतं. हायवेच्या एका ढाब्यावर तर मालकानं भुकेला म्हातारा समजून दोन भाकरी आणि पिठलं पुढं ठेवलं. आप्पांनी ते खाल्लं आणि उठताना सांगितलं, "पिठलं झ्याक. भित बेइमान."

त्यांचं वय विचाराल तर ते वर्ष सांगत नाहीत. "रझाकाराच्या गडबडीत म्या आज्ज्याच्या कडंवर हुतो," एवढाच हिशेब. त्या आजोबांच्या हातापासून चुन्याचं काम घरात आहे. आप्पांना शाळा नाही, सही मात्र येते. तिला ते "दस्तखत" म्हणतात. ती करायला त्यांना चहा थंड होईल इतका वेळ लागतो.

आणि त्यांचा परवलीचा शब्द: "मुरू द्या."

भाजलेला चुना पाण्यात विरवला की तो पाण्याखाली खड्ड्यात मुरवावा लागतो. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. हा नियम आप्पांनी सगळ्या जगाला लावला. पोरीला स्थळ आलं, पाहुणे पसंती सांगून उत्तराची वाट बघत बसले, आप्पा म्हणाले, "मुरू द्या." पाहुणे तीन महिने मुरले आणि मग लग्न झालं. निवडणुकीत उमेदवार पाया पडायला आला, "मुरू द्या." तो पडला, पुढच्या खेपेला परत आला, परत "मुरू द्या." सून सुवर्णा सांगते की तिच्या लोणच्याला आप्पा आजवर एकदाही चांगलं म्हणाले नाहीत, कारण बरणी त्याआधीच रिकामी होते.

अशा माणसाच्या गावात सरकारी निधी आला. तोही मार्चच्या तोंडावर.

नळदुर्गच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं आणि गावाच्या तोंडाशी आमची वेस. काळ्या दगडाची कमान, दोन्ही बाजूंना बसायच्या देवड्या, वर पडका नगारखाना. ती कुणी बांधली यावर गावात चार मतं आहेत. चारही मतं राजांची, सरदारांची नावं घेतात. मला एवढंच माहीत आहे की ती गवंड्यांनी बांधली, आणि त्यांचं नाव कुठल्याही पाटीवर कधी नसतं. उसाच्या ट्रॉल्या कमानीला घासून घासून तिचा एक खांदा निखळला होता. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी शासन निधी देतं, म्हणून प्रस्ताव गेला होता. तो कागद कितीतरी वर्षं कुठल्या तरी टेबलावर पडून होता. संक्रांतीच्या सुमाराला अचानक मंजुरी आली आणि सोबत अट आली: मार्चअखेर काम पूर्ण, नाहीतर निधी परत.

मी इथं स्पष्ट लिहिते. हा निधी म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही. काडेपेटीवरसुद्धा कर भरणाऱ्या माणसांचा तो पैसा आहे. पण तो आमच्याकडं असा येतो, की वर्षभर पत्ता नाही आणि शेवटच्या दोन महिन्यांत "घ्या, घ्या, संपवा!" तहानलेल्याच्या डोक्यावर घागर ओतायची आणि पाणी पाजलं म्हणून नोंद करायची, असला हा कारभार आहे.

मंजुरीच्या आनंदात सरपंचांनी तेरखेड्याहून सुतळी बॉम्ब आणवले आणि बरोबर कमानीखाली लावले. जतनाचा पहिला बार फुटला आणि वरून गिलाव्याचा एक पोपडा सुटून सरपंचांच्या फेट्यावर पडला. माणसं पांगली. आप्पा देवडीवर बसून होते, ते हललेसुद्धा नाहीत.

"सरपंच, एक लड ऱ्हायलीय न्हवं? ती बी लावा. म्हंजे डागडुजीचा खर्चच वाचंल."

तरीही त्या आठवड्यात आप्पा खुशीत होते. अंदाजपत्रकात लिहिलं होतं, की काम मूळ पद्धतीनं, चुन्यात करायचं. चुना, सुरखी म्हणजे विटेची पूड, गूळ, हिरडा, बेलफळ, सगळं सरकारी मराठीत छापलेलं. मी तो कागद त्यांना तीनदा वाचून दाखवला. "बेलफळ बी हाय?" ते परत परत विचारायचे. आपल्या आज्ज्याची विद्या सरकारला ठाऊक आहे, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. कुणी न सांगता त्यांनी वेशीच्या मागं खड्डा खणला, कळीचा चुना आणून विरवला आणि वर पाणी सोडलं. ठेकेदार आला तेव्हा आप्पा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसलेले होते.

"आप्पा, हे कधी तयार व्हायचं?" ठेकेदारानं विचारलं.

"धा-पंधरा रोजात वापराया यील. पर येशीला लावायचा म्हंजे पाच-सा म्हैनं मुरू द्या. मग बैलाच्या घाण्यात मळायचा. मग थर द्यायचा, वाळू द्यायचा, परत थर."

"अहो, मार्चएंड आहे!"

"आसंल. चुन्याला मार्च कळत न्हाय."

ठेकेदार हसला. त्याला वाटलं म्हातारा गंमत करतो आहे. चार दिवसांनी ट्रॅक्टर आला, सिमेंटच्या गोण्या आणि पिवळट रंगाच्या भुकटीचे डबे घेऊन. ती भुकटी सिमेंटात कालवली की लांबून चुन्यासारखं दिसतं. फायलीला फोटो हवेत म्हणून एक गुळाची ढेप आणि हिरड्याची पुडी आणली होती. ढेपेचे तीन बाजूंनी फोटो काढले. मग ढेप मजुरांच्या चहात गेली आणि हिरडा सरपंचांनी पोटासाठी घरी नेला.

आता यातली खरी अडचण सांगते. त्या कामावरचा मिस्त्री होता मल्लिनाथ. म्हणजे मल्लू, आप्पांचा एकुलता एक मुलगा.

मल्लू सोलापुरात सिमेंटच्या कामावर तयार झालेला, चाळिशीचा, अबोल माणूस. बापानं लहानपणी त्याच्या हातात थापी दिली होती, पण चुन्याला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि पोट राहिलं. ठेकेदारानं त्याला शब्द दिला होता, हे काम नीट पार पडलं की पुढची सगळी कामं तुझी. गावात राहून, घरच्या भाकरीवर काम. मल्लूनं आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

ज्या दिवशी मल्लूनं सिमेंट कालवलं त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं बंद. घर एक, चूल एक आणि मधे सुवर्णा.

"सुवर्णा, तुझ्या मालकाला सांग, दगुड मुका हाय म्हणून त्याच्या तोंडात कायबी कोंबू नगं."

मालक दीड हातावर जेवत बसलेला.

"तुझ्या सासऱ्याला सांग, दगडाला कायबी चालतंय. पोरांच्या फीला चालत न्हाय."

सुवर्णानं एकदा वैतागून भाकरी परातीत आपटली. "माझ्या तोंडाचा टेलिफोन केलाय दोघांनी! आता बिल लावते."

मी या काळात पत्रक काढायचं ठरवलं. आमच्या घरात पत्रकं पुस्तकांच्या आधी आली. अक्षर ओळखायला मी शिकले तेच "जाहीर निषेध" या दोन शब्दांवरून. एका बैठकीत पत्रक लिहिलं, मथळा दिला "दगडांचा आक्रोश", आणि आप्पांना वाचून दाखवलं. ते शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत होते.

"पोरी, दगुड आक्रोश करत न्हाय."

"आप्पा, ते तसं म्हणायचं असतं."

"दगुड घाम गाळतंय. पावसाळ्यात पाणी पितंय, उन्हाळ्यात भाईर सोडतंय. चुना त्याला वाट देतोय. शिमिट दार लावून घेतंय. मग दगुड आतल्या आत कुजतंय. हे लिव्ह. आक्रोश काढ. त्यात पाणी लई झालंय."

मी आक्रोश काढला. पत्रक निम्मं झालं आणि लोकांनी पहिल्यांदा माझं पत्रक पूर्ण वाचलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ठेकेदाराच्या ध्यानात आलं की मंजुरीच्या कागदात आणखी एक ओळ आहे. काम मूळ पद्धतीनं झाल्याचा, स्थानिक पारंपरिक कारागिराचा सहीचा दाखला जोडावा. त्याशिवाय पैसे निघणार नाहीत. पंचक्रोशीत चुन्याचा गवंडी एकच उरलेला. भिंती चाटणारा.

मग आप्पांचा सत्कार ठरला. वर्षानुवर्षं ज्यांना कुणी लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसवलं नव्हतं, त्यांच्यासाठी वेशीत सतरंजी अंथरली गेली. शाल, नारळ, फेटा. सरपंच म्हणाले, आप्पा आमच्या गावची शान आहेत. ठेकेदार म्हणाला, असे हात आता होणे नाही. आप्पांनी नारळ हलवून पाणी आहे का पाहिलं आणि पिशवीत टाकला. शाल मांडीवर ठेवली. मग ठेकेदारानं अलगद कागद पुढं सरकवला.

"हे काय?"

"काही नाही आप्पा, दस्तखत. काम चुन्यात झालं म्हणून."

आप्पा उठले. कमानीपाशी गेले, नव्या गिलाव्याला जीभ लावली. सगळं गाव बघत होतं. थुंकले. परत येऊन बसले आणि शाल घडी घालून कागदावर ठेवली.

"ह्यो कागुद खोटा हाय. ही शाल बी त्याच्याच बरुबर आलीय. दोनी घिऊन जावा."

"आन् नारळ?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"नारळ देवाचा हाय. त्यो खोटा न्हाय."

त्या दिवसापासून गाव आप्पांवर उलटलं. हे मला अजून गिळता येत नाही. फसवणारा बाहेरून आला, पण राग फसवणूक दाखवणाऱ्यावर. "गावाचा पैसा परत जाणार, या म्हाताऱ्याच्या जिभेपायी." "एका दस्तखतानं काय झिजतंय व्हय?" "रंग तर तोच दिसतोय." दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून त्यांना तंबाखू देईना. सरपंच मला म्हणाले, "ताई, तुमचं शिक्षण झालंय, तुमी समजवा. थोडंफार कुठंबी चालतंय." हे "थोडंफार" आमच्या जिल्ह्याच्या प्रत्येक पडक्या भिंतीखाली पुरलेलं आहे. मी त्यांना तसंच सांगितलं. त्यांनी माझ्या वडिलांकडं तक्रार केली. वडिलांनी ती मोठ्या अभिमानानं ऐकून घेतली.

घरी एका दुपारी मल्लूचा बांध फुटला. मी तिथंच होते, पत्रकाची प्रत द्यायला गेले होते. मधल्या टेलिफोनला ओलांडून तो पहिल्यांदा थेट बोलला.

"आप्पा, दगडासाठी लेकाला मारताय?"

आप्पांनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला.

"गावात ऱ्हायचं म्हणून केलं म्या हे. तुमी म्हातारं झालाव म्हणून. न्हायतर सोलापूर काय माझं बंद झालं न्हवतं."

आप्पांनी वर बघितलं. ओठ हलले. मग म्हणाले, "सुवर्णा, त्याला सांग, पाणी पी."

मार्च संपायला दोन दिवस असताना खात्याच्या इंजिनियर बाई जीपमधून आल्या. तरुण होत्या, थकलेल्या होत्या. एका आठवड्यात त्यांना अशा किती वेशी, किती बारवा बघायच्या होत्या कुणास ठाऊक. ठेकेदारानं फाईल उघडली, गुळाचे फोटो दाखवले. बाईंनी फाईल मिटली आणि आप्पांना विचारलं, "आजोबा, काम चुन्यातलं आहे का?"

मल्लू परांचीपाशी उभा होता, हातात थापी. तो बापाकडं बघत होता. आप्पांनी हातातली काठी देवडीला टेकवून ठेवली, जशी देवळात चप्पल काढून ठेवतात.

"न्हाय. शिमिट हाय. रंग घातलेलं."

"मिस्त्री कोण होता?"

गाव गाव म्हणून काय असतं ते त्या क्षणी दिसलं. एवढे चिडलेले लोक, पण एकाचीही मान मल्लूकडं वळली नाही.

"मिस्त्रीला ठेकेदार सांगंल ते करावं लागतंय," आप्पा म्हणाले. "त्याचं नाव कशाला पायजे? माल कुनी आनला ते इचारा."

बाईंनी ते विचारलं आणि शेरा लिहिला. सिमेंट काढावे, प्रस्ताव नव्यानं पाठवावा. निधी परत गेला. ठेकेदार गोण्या भरून गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मल्लू सुवर्णाला आणि पोरांना घेऊन सोलापूरला गेला. सुवर्णा आप्पांच्या पाया पडली. मल्लू सामान टपावर चढवत राहिला, खूप वेळ, तेवढं सामान नव्हतं तरी.

त्याच दुपारी आप्पा छन्नी-हातोडी घेऊन वेशीवर चढले. आयुष्यभर जगाला मुरवत ठेवणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा घाईत बघितलं. "आठ रोजात काढला तर निघतोय. मागनं दगडाची साल घिऊनच निघंल." मार्च सरतानाचं ऊन, बांबूची परांची, त्यावर वाळलेला म्हातारा. टक, टक, टक. पहिले दोन दिवस गाव नुसतं बघत होतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी न बोलता खालचा राडारोडा टोपलीत भरायला लागलं. मी नवा अर्ज लिहायला घेतला. मागणी साधी होती: निधी मार्चच्या मापानं देऊ नका, कामाच्या मापानं द्या. चुन्याला सहा महिने लागत असतील तर सहा महिने थांबणारा पैसा द्या. तुमचं आर्थिक वर्ष वेशीपेक्षा जुनं नाही.

सहाव्या दिवशी अर्ज वाचून दाखवायला मी वेशीवर गेले. उन्हं कलली होती. छन्नीचा आवाज नव्हता. कमान मोकळी झाली होती, काळा दगड पुन्हा दिसत होता. आप्पा वर डावीकडच्या खांद्यापाशी बसले होते. तिथं कमान आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात हातभर सिमेंट तसंच होतं. त्यावर एक कंगोरा काढलेला, पानासारखा वळत गेलेला, इतका नितळ की त्याच्यावरून बोट फिरवावंसं वाटावं. आप्पा तांब्यानं त्याच्यावर पाणी मारत होते. हळू, वरून खाली, एक थेंब वाया न घालवता.

"आप्पा? एवढं राहिलं काढायचं."

"व्हय."

"मग पाणी कशाला?"

"शिमिट हाय. पाणी न्हाय मारलं तर तडं जातंय." कंगोऱ्याच्या वळणावर अंगठा ठेवला. "हे म्या कुनाला शिकिवलं न्हाय. आज्ज्यानं मला शिकिवलं हुतं आन् म्या इसरलो हुतो. मल्लूनं लहानपनी माझं बघून बघून धरलं आसंल. माल खोटा हाय, पोरी. हात खरा हाय."

माझ्या डोक्यात लगेच पत्रकाची भाषा उभी राहिली. तत्त्व म्हणजे तत्त्व, एक कोपरा सोडला की सगळं सोडलं. ते सगळं तोंडापर्यंत आलं आणि मी म्हणाले वेगळंच.

"अर्जात मी लिहिलंय, सगळं सिमेंट काढलं म्हणून."

"मग खोड ते." आप्पांचा आवाज एकदम चढला, वेशीत शाल परत केली तेव्हासारखा. "खोटं लिवू नगंस. लिव्ह, एक कोपरा ऱ्हायलाय. गुंडाप्पानं ठिवलाय. कुनी इचारलं तर म्या दस्तखत करतो."

मी परांचीच्या बांबूवर कागद टेकवून ओळ खोडली. नवी ओळ लिहिली. वर बघून विचारलं, "कारण काय लिहू?"

रिकामा झालेला तांब्या आप्पांनी माझ्याकडं न बघता खाली धरला. मी कागद खिशात घातला आणि पाणी आणायला गेले.